नानांच्या विहिरीवरच्या मोटारीतलं टूजी सिम बदलावं का?

मृगबाग
नमस्कार मंडळी. आमची शेती यावल तालुक्यात, सहा एकर केळी, सगळी ठिबकवर. मी पुण्यात नोकरीला, गावी नाना एकटेच बघतात. वय बहात्तर. विहिरीवरच्या पेटीत २०१४ साली मोबाईल स्टार्टर बसवला, त्यात एक साधं टूजी सिम आहे. थ्री फेज लाईट आली की पेटी नानांना कॉल करते. नाना फोनवर एक दाबतात, मोटार चालू होते. दोन दाबलं की बंद.

शेतीची लाईट रात्रीची असली म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. स्टार्टर नव्हता तेव्हा नाना रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधाने जायचे. एका पावसाळ्यात पेटीचं झाकण उघडलं आणि आतल्या उबेला बसलेला नाग समोर. नाना वाचले, पण आईने त्यानंतर कित्येक रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. त्यामुळे ही पेटी आमच्या घरात चैनीची वस्तू नाही.

मागच्या आठवड्यात एका दुकानदाराने नानांना सांगितलं, टूजी बंद होणार, पेटी काढा आणि फोरजीवाली घ्या. नाना काळजीत पडले आहेत. बदलावी का? आणि हे वनजी, टूजी, थ्रीजी, फोरजी, फाइव्हजी म्हणतात त्यात नेमकं बदलत काय गेलं, ते कुणी आपल्या भाषेत सांगेल का? तुमच्या गावात कोणता जी कधी पोचला तेही लिहा.

पारोळा_नाका
आमच्याकडेही हाच प्रश्न. बसून वाचतोय.

भुसावळ_यार्ड
मी दूरसंचार खात्यात चौतीस वर्षं काढली, एक्स्चेंजच्या बॅटरी रूमपासून टॉवरच्या शेंड्यापर्यंत. जरा लांबण लागेल.

पहिली पिढी म्हणजे आवाज जसाच्या तसा लहरीवर चढवून पाठवायचा, रेडिओसारखा. एका बोलण्याला एक आख्खी वारंवारता अडकायची, आणि बाजारात मिळणाऱ्या स्कॅनरवर कुणीही ते बोलणं ऐकू शकायचं. टोकियोत १९७९ ला सुरू झालं, उत्तर युरोपात १९८१ ला, शिकागोत १९८३ ला. आपल्याकडे ही पिढी आलीच नाही. त्या काळात आपण भुसावळहून मुंबईला ट्रंक कॉल बुक करून दिवसभर वाट बघत होतो. आपली लढाई वेगळी होती. १९८४ ला सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था सुरू झाली, त्यांनी १२८ लाइनींचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज केलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. खान्देशातल्या उन्हाळ्यात त्या एका गोष्टीची किंमत काय, हे मी सांगतो, कारण मी त्या खोलीत बसलेलो आहे. पुढे गावोगाव एसटीडीच्या पिवळ्या पाट्या दिसल्या त्या अशा एक्स्चेंजांच्या जोरावर.

मोबाईल आपल्याकडे थेट दुसऱ्या पिढीचा आला. ३१ जुलै १९९५ ला बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला कॉल केला. दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत, आणि आलेल्या कॉलचेही पैसे. येणारा कॉल फुकट झाला तो २००३ मध्ये. मोबाईल खऱ्या अर्थाने खेड्यात आला तो त्या दिवसापासून.

आता टूजीचं तंत्र. धुळे जिल्ह्यातली पांझरेवरची फड पद्धत माहीत आहे ना? बंधाऱ्याचं पाणी पाटात, आणि पाटकरी प्रत्येक शेताला पाळीने पाणी देतो. टूजी तसंच. आवाजाचे आकडे करायचे आणि एका वारंवारतेवर आठ फोनना पाळी लावायची. पाळी एवढी झटपट फिरते की सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा तुमचा नंबर लागतो. रेडिओजवळ फोन ठेवला की रिंग वाजायच्या आधी टर्र-टर्र आवाज यायचा, आठवतो? ती तुमच्या फोनची पाळीच ऐकू यायची.

नवापूर_फलाट
काका, फडाचं उदाहरण एकदम पोचलं.

आमची गोष्ट हद्दीची. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तरांची खोली तिकडे. फोनला ही रेघ कळायची नाही. गुजरातचा टॉवर जवळ असला की फोन तोच धरायचा आणि घरात बसल्या बसल्या रोमिंग लागायचं. २००९ मध्ये माझ्या थोरल्या भावाला बडोद्यात नोकरीचा कॉल आला. माझ्या फोनवर. बोलणं सुरू झालं, त्यांनी पत्ता सांगायला घेतला आणि बॅलन्स संपून कॉल तुटला, कारण आलेल्या कॉलचे रोमिंगचे पैसे कापले जात होते. दहाचं कूपन घ्यायला धावलो, दुकान बंद. पत्ता मिळाला तो दुसऱ्या दिवशी. नोकरी लागली, पण ती रात्र आमच्या घरात कुणी जेवलं नाही.

२०१६-१७ नंतर रोमिंगचा हा भुर्दंड संपला. माझ्या दृष्टीने फोरजीच्या वेगापेक्षा ते मोठं काम झालं.

रावेर_वॅगन
+१. आमच्याकडे बऱ्हाणपूर बाजूचं मध्य प्रदेशचं नेटवर्क धरायचं. केळी भरायला आलेले ट्रकवाले म्हणायचे, भाऊ, तुमच्या शेतात उभं राहून तुम्हालाच शून्य लावून फोन करावा लागतो.

खापरावरची
माझं माहेर अमळनेर. धाकटा भाऊ सैन्यात, २००४ ते २००८ काश्मिरात होता. कॉल परवडायचा नाही, म्हणून एसएमएस. मराठी अक्षरं इंग्रजीत लिहायची: आई बरी आहे, कापूस विकला, भाव बरा. पुढे देवनागरीचा फोन घेतला, हौसेने मराठीत लिहिलं तर एका मेसेजचे दोन मेसेज झाले आणि दुप्पट पैसे गेले. तेव्हा वाटलं फोन बिघडला. ते तसं का व्हायचं?

भुसावळ_यार्ड
ताई, फोन बिघडला नव्हता. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरी अक्षराला सोळा बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'आई बरी आहे' हे वाचायला सहा अक्षरं, मशीनच्या हिशेबात आठ, मधल्या दोन मोकळ्या जागा वेगळ्या. ज्या समितीने हे ठरवलं तिच्यासमोर युरोपातल्या लिपी होत्या.

खापरावरची
वीस वर्षांनी उत्तर मिळालं. भावाचे ते मेसेज मी वहीत उतरवून ठेवले आहेत, कारण त्या फोनमध्ये थोडेच मावायचे आणि नवा यायला जुना पुसावा लागायचा. वही अजून आहे.

बठ्ठा_खान्देश
आमना गावले टावर शे, पन लाईट गयी का टावर बी जास. मंग टूजी काय नि फाइव्हजी काय, बठ्ठं सारखं!

चांदसैली_घाट
वरच्या भाऊंनी हसत लिहिलं असेल, पण धडगावकडे हे रोजचं आहे. मी अक्राणी तालुक्यात आरोग्याच्या कामावर आहे, अकरा वर्षं झाली. आमच्या पाड्यापासून पाऊण तास चढून गेलं की एक टेकाड लागतं. तिथे महूच्या झाडाखाली एक सपाट दगड आहे. त्या दगडावर उभं राहून, तोंड दक्षिणेला करून फोन धरला की रेंज येते. हातभर सरकलं की जाते. दगडाला लोकांनी चुन्याने खूण केली आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी एका बाईला रात्री कळा सुरू झाल्या. नवरा झोळीची तयारी करत होता, मी दिरासोबत त्या दगडाकडे. फोनवर रेंज दिसत होती, पण १०८ ला कॉल लागत नव्हता. पुन्हा पुन्हा लावला. चौदाव्या वेळी लागला. गाडी घाटाखाली आली, तोवर आम्ही झोळीतून बाईला खाली आणलं होतं. बाळ-बाळंतीण दोघं नीट आहेत. पण ते तेरा वेळा न लागणं मी विसरू शकत नाही. त्या भागात टॉवर देतो म्हणून एका कंपनीची माणसं दोनदा जागा मोजून गेली होती.

माझा साधा प्रश्न भुसावळच्या काकांना: रेंज दिसत असताना कॉल का लागत नाही?

भुसावळ_यार्ड
ताई, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

फोनवर दिसणारी रेंज म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती पोचतो ते. टॉवर ताकदवान असतो, उंचावर असतो, त्याचा आवाज लांब जातो. फोनची ताकद टूजीत जास्तीत जास्त दोन वॅट. म्हणजे टॉवरची हाक तुम्हाला ऐकू येते, पण तुमची ओ त्याच्यापर्यंत पोचत नाही. दुसरं, टूजीत पाळीचा हिशेब असल्यामुळे साधारण ३५ किलोमीटरच्या पलीकडच्या फोनचं उत्तर पाळी उलटून गेल्यावर पोचतं आणि टॉवर ते घेतच नाही. सातपुड्याच्या टेकाडावरून खालच्या सपाटीतले लांबचे टॉवर सरळ नजरेत येतात, म्हणून हा अनुभव तुमच्याकडेच जास्त. यावर इलाज एकच: टॉवर जवळ पाहिजे.

जळगाव_कोड
मी नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. इथे सगळे टूजीच्या बाजूने भावनेने बोलत आहेत, मला वेगळं म्हणायचं आहे. टूजी चालू ठेवणं महाग पडतं. ज्या लहरींवर आठ जण पाळीने बोलतात, तेवढ्याच लहरींवर फोरजी कितीतरी जास्त लोकांना आवाज आणि इंटरनेट दोन्ही देतं. टूजी १९९१ ला फिनलंडमध्ये सुरू झालं, तीस वर्षांहून जुनं तंत्र आहे. त्याची सांकेतिक सुरक्षाही आता कच्ची पडते. खोटा टॉवर उभारून फसवे मेसेज पाठवणारे फोनला मुद्दाम टूजीवर ढकलतात. नानांच्या पेटीसाठी आख्ख्या देशाने जुनं सांभाळायचं का?

मृगबाग
कोडभाऊ, तुमचा मुद्दा समजला. पण देशात नाना एकटे नाहीत. आमच्या एका शिवारातच पन्नासएक पेट्या असतील.

जळगाव_कोड
मान्य. म्हणूनच मी आधी बदला म्हणतोय, बंद झाल्यावर धावपळ नको.

आणि फोरजीचा आवाज ऐका एकदा. टूजीत आवाजाचा मधला पट्टा तेवढा जातो, ३०० ते ३४०० हर्ट्झ. व्होल्टीवर, म्हणजे फोरजीवरून होणाऱ्या कॉलवर, ५० ते ७००० पर्यंत जातो. माझी आजी जुन्या फोनवर 'सात' म्हणाली की मला 'हात' ऐकू यायचं. नव्या फोनवर तिच्या बांगड्यांचा आवाजही येतो.

सारंगखेडा_तट्टू
मधल्या थ्रीजीबद्दल कुणी बोलतच नाही. २०१३ च्या सारंगखेड्याच्या यात्रेत मी घोडा बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला फोटो पाठवत होतो. सकाळी सातला फोटो गेला. दहाला यात्रा भरली, मी त्याच जागी, तोच फोन, आणि नेट गायब. रात्री माणसं पांगली की परत आलं. टॉवर काय श्वास घेत होता का?

भुसावळ_यार्ड
तुम्ही अगदी बरोबर शब्द वापरला, इंजिनियर मंडळीही त्याला टॉवरचा श्वासच म्हणतात. थ्रीजीत पाळी नसते. सगळे एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर बोलतात, फक्त प्रत्येकाचा संकेत वेगळा. तळोद्याच्या बाजारात कुणी अहिराणी बोलतो, कुणी पावरी, कुणी भिलोरी, कुणी गुजराती. गलक्यातही माणूस आपली बोली टिपतो. पण गलका वाढला की लांबच्याचं ऐकू येत नाही. म्हणून गर्दी झाली की थ्रीजी टॉवरचं क्षेत्र आक्रसायचं आणि कडेचे तुटायचे. तुमचे घोडे टॉवरपासून लांब बांधलेले असणार.

सारंगखेडा_तट्टू
हो! तापीच्या काठाला, अगदी शेवटी.

रावेर_वॅगन
आता फोरजीलाही एक उदाहरण द्या काका.

भुसावळ_यार्ड
ते तुमच्या दारात आहे. ठिबक! फोरजीत एक रुंद पट्टा घेऊन त्याच्या शेकडो बारीक नळ्या करतात. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १२००, प्रत्येकी १५ किलोहर्ट्झची. ज्या फोनला जेवढी तहान, तेवढे ड्रिपर त्याला, आणि हा हिशेब दर मिलिसेकंदाला नवा. एखादी नळी तुंबली तर तेवढी सोडून बाकीच्यांतून पाणी चालू. स्टॉकहोम आणि ओस्लोत २००९ च्या डिसेंबरात सुरू झालं, आपल्याकडे कोलकात्यात २०१२ ला, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा घरोघर.

फाइव्हजीत ठिबकच, पण मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा. लहर आखूड झाली, साधारण नऊ सेंटिमीटर. टूजीच्या ९०० मेगाहर्ट्झची लहर तेहतीस सेंटिमीटरची. आखूड लहर भिंतीला, पानाला लवकर अडते. केळीच्या बागेत तर पानं पाण्याने भरलेली.

मृगबाग
काका, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. बांधावर फाइव्हजी, बागेत वीस पावलं आत गेलं की फोरजी. आणि निसवण झालेली भरात असलेली बाग असली तर मध्यावर घडाखाली उभं राहिल्यावर फोनच्या डोक्यावर नुसता 'ई' येतो, म्हणजे टूजीचं नेट. मला वाटायचं आमच्या शेतातच काही दोष आहे.

जळगाव_कोड
फाइव्हजीचा ७०० मेगाहर्ट्झचाही पट्टा आहे, तो लांब जातो. आणि २६ गिगाहर्ट्झचाही आहे, तो मात्र भर वस्तीसाठी, दोनचारशे मीटरचा खेळ.

भुसावळ_यार्ड
त्या २६ गिगाहर्ट्झवरून एक सांगतो, धाग्याचा विषय थोडा सोडून. असल्या मिलिमीटर लहरींचा प्रयोग जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात लोकांसमोर केला होता. भिंतीपलीकडे घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी देशातला पहिला मोबाईल कॉल त्याच शहरातून झाला. नोकरीत असताना दरवर्षी नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हे सांगायचो.

टेंभली_वाट
शहादा तालुक्यातून. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्या टेंभलीत दिलं गेलं. आता रेशनला अंगठा लागतो, अंगठ्याला नेटवर्क लागतं. दुकानदार मशीन घेऊन कधी ओट्यावर उभा राहतो, कधी रस्त्यापलीकडे. त्याच्या मागे गोणपाटाची पिशवी घेऊन आमच्या बायाही हलतात. माझी आजी त्या रांगेत असते. तिच्या बोटांच्या रेघा मिरच्या खुडून खुडून झिजल्या आहेत. अंगठा एकदा लागला नाही की दुसऱ्यांदा लागेपर्यंत नेटवर्क जातं. कोडभाऊ, जुनं बंद करा, पण त्या जागी नवं पोचल्यावर करा, आधी नाही.

जळगाव_कोड
ताई, हे मी लिहायला हवं होतं. तुमचं बरोबर आहे. २०२२ च्या जुलैत केंद्राने नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांना फोरजी द्यायची योजना मंजूर केली. आणि बीएसएनएलचं फोरजी देशातच बनवलेल्या यंत्रणेवर उभं राहिलं, गाभा सी-डॉटचा. काकांनी वर लिहिलेलं १२८ लाइनींचं एक्स्चेंज करणारी तीच संस्था.

चांदसैली_घाट
आमच्या टेकाडाच्या अलीकडे मागच्या महिन्यात खांब उभा राहिला आहे. सौर पाट्या बसल्या, यंत्र अजून नाही. येता-जाता बघते.

चोपडा_वायरमन
मूळ प्रश्नाकडे येतो. गेली बारा वर्षं मी हेच स्टार्टर बसवतो.

मृगबागभाऊ, घाई करू नका. थ्रीजी आधी गेलं, टूजी मागे राहिलं, कारण त्यावर साधे फोन आहेत आणि असल्या पेट्या, गाड्यांचे ट्रॅकर आहेत. चालणारी पेटी काढू नका. पण आधी सिम बघा. जिओचं टूजी नाहीच, त्यामुळे जुन्या पेटीत ते सिम कधीच चालणार नाही. बऱ्याच जणांना हे न सांगता सिम विकतात आणि मग पेटी खराब म्हणून नवी गळ्यात मारतात.

दुसरं, रिचार्ज. पेटीला इंटरनेट लागत नाही. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेने, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. तो मागा, लांब मुदतीचा घ्या.

तिसरं, अँटेना. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्या वेळा दोष हाच. लोखंडी पेटीच्या आत अँटेना ठेवली की लहर आत शिरत नाही. वायर भोकातून बाहेर काढा, पेटीच्या डोक्यावर उभी लावा, भोक सीलने बुजवा, नाहीतर पाली आणि मुंग्या आत जातात.

पुढे कधी पेटी जळालीच, तर फोरजी आणि टूजी दोन्ही पकडणारी घ्या. निव्वळ ॲपवर चालणारी नको. नानांना एक आणि दोन दाबायची सवय आहे, ती मोडू नका.

मृगबाग
दादा, मनापासून आभार. शनिवारी गावी जातोय, बघून कळवतो.

मृगबाग
जाऊन आलो. सिम टूजीचंच आहे, मुदत संपायला चार दिवस होते. वर्षभराचा पॅक मारला. अँटेना आतच होती, गंजलेल्या पत्र्याला टेकलेली. नाना आणि मी मिळून बाहेर काढली. आधी पेटी तीन-तीनदा कॉल करायची तेव्हा एकदा लागायचा, नाना म्हणायचे मशीन म्हातारं झालं. काल रात्री एक चाळीसला लाईट आली. पहिल्याच रिंगला नानांनी उशाचा फोन उचलला, एक दाबलं, आणि फोन कानाला तसाच धरून मला म्हणाले, "ऐक, लागली." त्या लहानशा फोनमधून मोटारीचा घुमारा येत होता.

पारोळा_नाका
वायरमनदादा, भोक किती सुताचं पाडायचं? उद्या सकाळी ड्रिल घेऊन जातोय.

चोपडा_वायरमन
आधी डीपीवरून फ्यूज काढा, मग ड्रिल. वायरचं टोक जाईल एवढंच पाडा, आणि पेटीच्या बाजूला खालच्या अंगाला पाडा, डोक्यावर नको, पाणी उतरतं.